आडोसा लावला की ज्योत पिवळी, घडी घातली की पत्रा तुटका

कॅम्पिंगच्या स्टोव्हसाठी पत्र्याचा घडीचा आडोसा घरी करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सुरुवातीला सगळं छान चालतं. मग एखाद्या घडीवर बारीक चीर दिसते, ती हळूहळू वाढते आणि एक दिवस एक पान, म्हणजे दोन घड्यांमधला सपाट तुकडा, सुटून हातात येतं. नवा पत्रा आणून नवा आडोसा केला तर तोही तिथेच तुटतो. दुसरी तक्रारही तितकीच जुनी. आडोसा नसला की ज्योत वाऱ्याने आडवी होते, आणि लावला की पिवळी पडते, भांड्याचं बूड काळं होतं, डोळे चुरचुरतात.

दोन्हींवर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे पत्रा बदलायचा. आधी जाड पत्रा, मग त्याहून जाड, मग अॅल्युमिनियम सोडून स्टील. वजन वाढतं, तक्रार तशीच राहते. माझ्या मते पत्रा यात जवळजवळ नेहमीच निर्दोष असतो. गडबड मोकळ्या जागेची असते. घडीच्या जागी पत्र्याला वळायला जागा ठेवलेली नसते आणि भांड्याभोवती हवेला फिरायला जागा ठेवलेली नसते. दोन्हीकडे काही मिलिमीटरांचा प्रश्न असतो, त्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो.

आधी स्टोव्ह बघा

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण इथे चुकलं तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. ज्या स्टोव्हचा बर्नर थेट गॅसच्या डबीवर बसतो, त्याला चारी बाजूंनी बंद होणारा आडोसा लावायचा नाही. डबीवरच लिहिलेलं असतं की ती ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका. ब्यूटेनचा बाष्पदाब २० अंशांना सुमारे २ बार असतो आणि ५० अंशांना तो जवळपास ५ बारपर्यंत जातो. मिश्रणात प्रोपेन असेल तर दाब याहून बराच जास्त. बंद आडोशात बर्नरची उष्णता भांड्याच्या बुडावरून आणि पत्र्यावरून परतते आणि खाली डबीवर येऊन बसते. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आतलं चित्र वेगळं असू शकतं.

जुन्या धाटणीच्या ज्या द्रव इंधनाच्या स्टोव्हमध्ये टाकी बर्नरच्या खालीच असते, त्यांनाही हाच नियम.

अशा स्टोव्हसाठी आडोसा अर्धाच उघडायचा. वारा येतो त्या बाजूला तीन पानं उभी करायची आणि उलटी बाजू पूर्ण मोकळी सोडायची. स्टोव्ह पेटल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी डबीला हात लावून बघायचा. गॅस आत बाष्पीभवन होत असल्यामुळे डबी एरवी थंडच पडते. नुसती कोमट लागली तर घाबरायचं कारण नाही. पण हात ठेवून राहणं नकोसं वाटलं तर बर्नर बंद, आडोसा दूर. भांडं फार रुंद असेल तर जास्त लक्ष द्या. रुंद बूड स्वतःच उष्णता खाली ढकलतं.

नळीने जोडलेला स्टोव्ह, म्हणजे डबी किंवा इंधनाची बाटली लांब आणि बर्नर वेगळा, किंवा स्पिरिटचा छोटा स्टोव्ह असेल तर पूर्ण वेढा घालणारा आडोसा चालतो. डबी किंवा बाटली मात्र आडोशाच्या बाहेर. नळीसाठी एका पानाच्या खालच्या कडेला दोन सेंटिमीटर रुंद खाच कापून ठेवा. पुढचं सगळं अशा स्टोव्हला धरून लिहितो.

घडी का तुटते

धातूचा पत्रा एकदा वाकवला की त्या रेघेवर तो कडक होतो. पुन्हा सरळ केला की आणखी कडक होतो. कडक झालेला भाग पुढच्या वेळी वाकण्याऐवजी तडकतो. याला उपाय म्हणून जाड पत्रा घेणं म्हणजे उलटी दिशा. तीच घडी जाड पत्र्यात घातली तर बाहेरचा थर जास्त ताणला जातो आणि चीर लवकर पडते. आडोसा प्रत्येक वेळी उघडायचा आणि मिटायचा असतो, म्हणजे रोज दोनदा तीच रेघ छळायची. अशा वापरात साधी घडी टिकणार नाही. कधी तुटेल एवढाच प्रश्न.

हे तुटणं लवकर ओढवून आणणाऱ्या दोन सवयी मात्र टाळता येतात. एक म्हणजे घडीची रेघ सुरीने किंवा टोकदार खिळ्याने ओरखडून घेणं. रेघ सुबक येते, घडी सरळ पडते, आणि चीर नेमकी त्या ओरखड्यातून सुरू होते. खूण मार्करने करा. दुसरी म्हणजे पत्र्याची दिशा न बघता कापणं. कारखान्यात लाटलेल्या पत्र्यावर उजेडात तिरपं धरलं की एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. घडी त्या रेघांना आडवी पडली तर जास्त काळ टिकते, समांतर पडली तर लवकर फाटते. उरलेल्या तुकड्यातून जसं बसेल तसं कापलेल्या आडोशाच्या काही घड्या टिकतात आणि काही लगेच जातात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

अॅल्युमिनियम तापवून मऊ करण्याची युक्ती पत्राकाम करणाऱ्यांना ठाऊक असते. घडीच्या जागी साबण घासायचा, मागून ज्योत फिरवायची, साबण काळपट झाला की थांबायचं. त्याने पत्रा पुन्हा मऊ होतो हे खरं, पण पुढच्या काही घड्यांपुरताच. आणि इथे काळजीची एक गोष्ट आहे. अॅल्युमिनियम वितळण्याआधी स्टीलसारखं लाल होऊन इशारा देत नाही. ते ६६० अंशांना वितळतं आणि तोवर दिसायला तसंच राहतं. साबणाची खूण सोडून अंदाजाने तापवत बसलात तर पत्र्याला भोक पडेल.

हीच मऊ होण्याची क्रिया स्टोव्ह पेटलेला असताना आपोआपही चालू असते. वरची कड रोज तापते, आणि काही दिवसांनी आडोशाचा वरचा भाग लुळा पडतो. पत्रा निकृष्ट आहे असं लोकांना वाटतं. वरची कड ६ मिमी दुमडून दाबून घेतली की हा लुळेपणा बराच जातो, आणि बोटंही कापत नाहीत. ही दुमड एकदाच घालायची असते, म्हणून ती तडकत नाही.

घडीऐवजी सांधा

उपाय असा की पत्र्याला वाकायलाच लावायचं नाही. आडोसा एकसंध पट्टीचा न करता सुट्या पानांचा करायचा आणि पानं बिजागरीने जोडायची. दोन पद्धती सांगतो.

पहिली कड्यांची. शेजारच्या दोन पानांच्या कडांपासून ४ मिमी आत २ मिमीची भोकं पाडायची, वर एक आणि खाली एक जोडी. त्यांतून तारेची कडी ओवायची. कडीचा आतला व्यास १० ते १२ मिमी हवा. इथेच हमखास चूक होते. पानं मिटलेली असताना भोकं एकमेकांवर येतात, त्यामुळे छोटी कडीही बसते. पण आडोसा सरळ उघडला की दोन भोकांत ८ मिमी आणि मधली फट एवढं अंतर पडतं. लहान कडी तिथे अडते, लोक जोर लावतात, आणि भोकाची कड फाटते. भोक पाडल्यावर त्याची खरबरीत कड कानशीने घासा, नाहीतर तारच ती कापत राहते.

कड्यांचा फायदा असा की सांधा दोन्हीकडे वळतो, त्यामुळे आडोसा नागमोडी घडीत सपाट मिटतो. तोटा असा की तो ढिला असतो. आधीच तुटलेला आडोसा दुरुस्त करायचा असेल तर मात्र मी कड्याच सुचवीन. चिरलेली घडी सांधण्यात वेळ घालवू नका. सगळ्या घड्यांवर स्वतःच कात्री चालवा, कडा घासा, भोकं पाडा, कड्या ओवा. रुंदी जवळजवळ कमी होत नाही आणि पत्रा वाया जात नाही.

दुसरी पद्धत नळी आणि सळईची, म्हणजे दाराच्या बिजागरीचीच. मेहनत जास्त, पण नवा आडोसा करत असाल तर हीच करा. जोडायच्या प्रत्येक कडेचे पाच सारखे भाग पाडा. यातला प्रत्येक भाग म्हणजे एक जीभ, जी पुढे गुंडाळून नळी होते. एका पानावर पहिली, तिसरी आणि पाचवी जीभ ठेवायची, दुसऱ्यावर दुसरी आणि चौथी, बाकीच्या कापून टाकायच्या. जीभ ९ ते १० मिमी लांब हवी. प्रत्येक खाच जिभेपेक्षा एखादा मिलिमीटर रुंद कापा, नाहीतर जिभा एकमेकींत घुसणार नाहीत. मग पक्कडीने २ मिमी तारेभोवती जीभ गुंडाळायची. सुरुवात टोकापासून करा. मुळापासून वळवायला गेलात तर टोक सरळच राहतं आणि नळी गोल होत नाही.

सळईसाठी सायकलचा स्पोक उत्तम. तो साधारण २ मिमी जाड असतो, गंजायला नाखूश असतो आणि त्याचं वळलेलं डोकं वर अडकतं, त्यामुळे तो नळीतून खाली घसरून पडत नाही.

आता या पद्धतीतली खरी मेख. आडोसा नागमोडी मिटायचा असेल तर नळ्या एकाआड एक बाजूंना वळवायला हव्यात. पहिल्या सांध्याची नळी आतल्या अंगाला, दुसऱ्याची बाहेरच्या, तिसऱ्याची पुन्हा आतल्या. कारण ज्या अंगाला नळी असते त्याच अंगाला सांधा पूर्ण मिटतो. सगळ्या नळ्या एकाच बाजूला वळवल्या तर आडोसा सपाट मिटत नाही, स्वतःभोवती गुंडाळायला बघतो आणि तिसऱ्या पानावर अडकतो.

पण नळ्या एकाआड एक केल्या की दुसरी अडचण उभी राहते, आणि "नव्या बिजागरीचा आडोसा गोल होत नाही" ही तक्रार इथूनच येते. भांड्याभोवती वेढा घालताना सगळे सांधे एकाच दिशेला, आत, वळायला हवेत. बाहेर नळी असलेले सांधे त्या दिशेला वळायला गेले की पानांच्या कडा एकमेकींवर आदळतात. लोकांना वाटतं सळई घट्ट झाली, म्हणून ते तेल घालतात. तेल तापून जळतं, वास येतो, सांधा तसाच. उपाय साधा आहे. सांधा सपाट उघडलेला असताना दोन पानांच्या मूळ कडांमध्ये २ मिमी फट राहील अशी जीभ गुंडाळायची, म्हणजे नळी थोडी टोकाकडे ठेवायची. सहा पानांच्या आडोशात प्रत्येक सांधा ६० अंश वळतो, आणि तेवढ्याला ही फट पुरते. त्या फटीतून वारा आत येईल ही भीती नको. ज्योतीला त्रास देणारा झोत त्यातून येत नाही.

अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून पानं जोडण्याचा सल्ला अधूनमधून दिसतो. पट्टीचा धातू टिकतो, खालचा गोंद टिकत नाही. तो मऊ होऊन सरकतो आणि पुढे जळतो. माझ्याकडून नको.

माप: गोलाचं काढता, करता षट्कोन

पानांच्या आडोशात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट ही. भांड्याचा व्यास मोजतात, दोन्हीकडे दीड सेंटिमीटर मोकळं धरतात आणि ३.१४ ने गुणतात. १५ सेंमी व्यासाच्या भांड्याला १८ सेंमीचा गोल, म्हणून परीघ ५६.५ सेंमी. त्याची सहा पानं केली की प्रत्येक पान ९.४ सेंमीचं. लावून बघितलं तर कोपऱ्यांत ऐसपैस जागा आणि पानांच्या मध्यावर भांडं जवळजवळ टेकलेलं.

गोल पट्टी वळवली असती तर गणित बरोबर होतं. सहा पानं मात्र षट्कोन करतात आणि षट्कोनाची बाजू मध्यावर आत येते. दीड सेंटिमीटर मोकळी जागा पानाच्या मध्यावर हवी असेल तर गुणक ३.१४ ऐवजी ३.४६ धरायचा. १८ ला ३.४६ ने गुणलं की ६२.३ सेंमी, म्हणजे प्रत्येक पान १०.४ सेंमीचं. आठ पानं करणार असाल तर गुणक ३.३१. तेव्हा एकूण ५९.६ सेंमी आणि प्रत्येक पान साडेसात सेंमीला थोडं कमी. पानं जास्त केली की आकार गोलाच्या जवळ जातो, पण सांधे वाढतात. माझी पसंती सहाला.

ही रुंदी तयार सांध्याची, म्हणजे एका सळईच्या मध्यापासून पुढच्या सळईच्या मध्यापर्यंतची. कापताना जिभांचं माप वर धरायला विसरू नका. शेवटच्या आणि पहिल्या पानाची मोकळी कड ८ मिमी दुमडून उलटसुलट आकडे करा, एकात एक अडकवले की वेढा बंद होतो. त्यासाठीही पत्रा लागतो.

उंची कशी ठरवायची? जमिनीपासून भांड्याच्या बुडापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यावर ४ ते ५ सेंमी धरा. बूड ८ सेंमीवर येत असेल तर आडोसा १३ सेंमीचा. भांड्याच्या गळ्यापर्यंत उंच करण्याचा मोह होतो, पण मग मूठ आडोशाच्या आत येते आणि तापते. प्लॅस्टिक किंवा रबराची मूठ असेल तर वितळतेही.

याच मापाचा, म्हणजे सुमारे ६० सेंमी लांब आणि १३ सेंमी उंच आडोसा ०.३ मिमी अॅल्युमिनियमचा केला तर पत्र्याचं वजन ६३ ग्रॅम भरतं. त्याच जाडीचं स्टील वापरलं तर १८५ ग्रॅम. टायटॅनियमचा ०.१ मिमी पत्रा मिळाला तर ३५ ग्रॅम, पण तो नळी-सळईच्या सांध्याला फार पातळ पडतो. तो एकसंध ठेवून गुंडाळूनच न्यावा, घडी घालायचीच नाही. पानांच्या आडोशाला ०.३ मिमी अॅल्युमिनियम मला पुरेसं वाटतं. सळया, दुमडी, जिभा धरून सगळं १०० ग्रॅमच्या आसपास बसतं.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका. पृष्ठभागावर बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षी दिसते तोच हा. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणखी तापलं की त्याचा धूर होतो, आणि तो श्वासात गेला की काही तासांनी ताप-थंडीसारखा त्रास होतो. रंगवलेल्या डब्याचा पत्रा वापरायचा असेल तर रंग आधी खरवडून काढा.

ज्योत पिवळी का पडते

आधी एक चाचणी करा, म्हणजे उगाच नको तिथे दुरुस्ती होणार नाही. वारा पडलेला असताना स्टोव्ह पेटवा, आडोसा लावा, ज्योत पिवळी झाली की पक्कडीने आडोसा उचलून बाजूला घ्या. काही क्षणांत ज्योत पुन्हा निळी झाली तर दोष आडोशाचा. आडोसा काढूनही पिवळीच राहिली तर आडोशाला हात लावू नका. बर्नरचं तोंड मळलेलं असेल किंवा द्रव इंधनाचा स्टोव्ह पुरेसा तापलेला नसेल. स्पिरिटच्या स्टोव्हला ही चाचणी लागू नाही, कारण त्याची ज्योत भर उजेडात जवळजवळ दिसतच नाही.

दोष आडोशाचा निघाला तर हवेचा हिशोब करावा लागतो. एक लिटर ब्यूटेन वायू पूर्ण जळायला सुमारे ३१ लिटर हवा लागते. अडीच किलोवॅटचा बर्नर पूर्ण सोडला तर तो मिनिटाला किमान ४० लिटर हवा मागतो, आणि नीट जळायला प्रत्यक्षात याहून जास्त लागते. ही सगळी हवा आडोशाच्या खालच्या भोकांतून आत यायची असते आणि तापून वरून बाहेर पडायची असते. म्हणजे आडोसा हे एक बुटकं धुराडं आहे. वारा अडवण्याच्या नादात आपण त्याचं खालचं तोंड बंद करून टाकतो.

१५ सेंमीच्या भांड्याला मी किमान १५ ते २० चौ. सेंमी भोकं ठेवतो. १० मिमी व्यासाचं एक भोक पाऊण चौ. सेंमीहून किंचित जास्त असतं, त्यामुळे अशी २० भोकं पाडली की जवळपास १६ चौ. सेंमी होतात. खिळ्याने पाडलेली ३ मिमीची भोकं दिसायला पुष्कळ दिसतात, पण तेवढ्याच हवेला ती २०० हून अधिक लागतील. "भोकं पाडली तरी पिवळीच" असं कोणी म्हटलं की मी आधी भोकांचा व्यास विचारतो.

भोकं सगळ्या पानांवर सारखी वाटू नका. सहापैकी चार पानांवर प्रत्येकी पाच भोकं पाडा आणि लागोपाठची दोन पानं कोरी ठेवा. कोरी बाजू वाऱ्याकडे करायची. चारी बाजूंनी भोकं असली की जोराच्या वाऱ्यात झोत भोकांतून आत घुसतो आणि ज्योत बर्नरवरून सुटते. भोकांची रांग खालच्या कडेपासून दीड सेंटिमीटर वर घ्या, म्हणजे आडोसा मातीत किंचित रुतला तरी ती बुजत नाहीत.

वरच्या बाजूचंही बघा. तापलेले वायू फुगतात. ३०० अंशांना त्यांची जागा खोलीच्या तापमानाच्या हवेच्या जवळपास दुप्पट होते. म्हणून वरची मोकळी जागा खालच्या भोकांच्या निदान दुप्पट हवी. भांड्याभोवती दीड सेंटिमीटर सोडलं असेल तर ती मुबलक असते. भांड्याभोवती सगळीकडे फक्त अर्धाच सेंटिमीटर सोडलं, जसं गोल आडोशात होतं, तर ती २४ चौ. सेंमीवर येते आणि खाली कितीही भोकं पाडली तरी वरचं तोंड गुदमरतं. आडोसा तोच ठेवून मोठं भांडं वापरल्यावर ज्योत बिघडली, तर कारण हे. त्यावर पत्र्यात काही करू नका. शेवटचे आकडे सोडा आणि आडोसा वाऱ्याच्या उलट बाजूला चार बोटं उघडा ठेवा.

स्पिरिटच्या स्टोव्हची गंमत निराळी. त्याला हवा कमी लागते, म्हणून घट्ट आडोसा चालेल असं वाटतं. पण घट्ट आडोशात स्टोव्हचा डबाच तापतो, स्पिरिट उकळायला लागतं आणि ज्वाळा भांड्याच्या बाजूंनी वर येतात. पाणी लवकर उकळलं म्हणून खूश होऊ नका. इंधनाचा बराच भाग भांड्याला न लागता वर जाऊन जळालेला असतो. मोकळी जागा दोन सेंटिमीटरपर्यंत वाढवली की स्टोव्ह शांत होतो. आणि ज्योत दिसली नाही म्हणून विझली समजून वरून स्पिरिट ओतणं, हे कधीही करू नका.

पिवळ्या ज्योतीला काजळीपुरतं समजू नका. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निळी ज्योत थंड भांड्याला घासत असेल तरी तो थोडाफार होतोच. त्यामुळे आडोसा कितीही नीट जमला तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही.

उभा राहत नाही

ताशी ३६ किलोमीटरचा वारा २० सेंमी रुंद, १३ सेंमी उंच पृष्ठभागाला साधारण १६० ग्रॅम वजनाएवढा रेटा देतो. आडोसा स्वतः १०० ग्रॅमचा. तो पडणारच. वजन वाढवण्यापेक्षा त्याला जमिनीत रोवा. सांध्याच्या सळया आडोशापेक्षा ६ सेंमी लांब ठेवल्या की त्याच खुंट्या होतात. १३ सेंमीच्या आडोशाला १९ ते २० सेंमीचा स्पोक. मातीत दाबला की झालं. मिटताना सळया वर ओढून घ्यायच्या, म्हणजे टोकं पिशवी फाडत नाहीत. त्यासाठी सळई नळीत सैल असावी. स्पोकची कापलेली टोकं कानशीने बोथट करा.

खडकावर खुंट्या रोवल्या जात नाहीत. तिथे पानांच्या पायाशी बाहेरून दगड लावा, पण भोकं सोडून. दगड आतून लावू नका, तापून ते तडकू शकतात आणि हवाही अडते. खडकाळ जागेत आडोसा एका ओळीत कधीच उभा राहत नाही. निदान तीन पानांचा कोन करा.

राहिलेलं थोडंसं

आतली बाजू घासून चकचकीत ठेवली तर उष्णता परतते असं म्हणतात. फरक इतका थोडा असतो की मी त्यासाठी वेळ घालवणार नाही. आडोशाचं मुख्य काम वारा थोपवण्याचं आहे, आणि काळा झालेला पत्राही ते तितकंच करतो.

आडोसा पहिल्यांदा पेटत्या स्टोव्हवर वापरताना अॅल्युमिनियमवर एखादा डाग पांढुरका, सुरकुतलेला दिसला तर तिथे ज्योत पत्र्याला लागते आहे. बर्नर मधोमध नाही किंवा त्या पानाची मोकळी जागा कमी आहे. दुर्लक्ष केलं तर पुढे त्याच जागी भोक पडतं.

वाळलेल्या गवतावर आडोसा मांडू नका. खालची भोकं हवा आत ओढतात, आणि त्या हवेबरोबर काडीकचराही. जमीन हातभर साफ करून घ्या, आणि बर्नर फार बुटका असेल तर त्याच्याखाली उरलेल्या पत्र्याची एक चकती ठेवा.

अॅल्युमिनियमची पानं बर्नर बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत हाताळता येतात, सळया मात्र जास्त वेळ गरम राहतात. मिटताना पानांना धरा, सांध्याला नको.